इशारा पुलापर्यंत पोहोचू द्या

भादवा सरत आला की आमच्या धारूरला एका दिवसात दोन ऋतू येतात. दुपारपर्यंत ऊन भाजून काढतं, चारच्या सुमाराला अंबाजोगाईच्या बाजूनं आभाळ काळं होतं आणि मुक्कामाची गाडी सुटायच्या वेळेला ओढे दुथडी वाहत असतात. मी एसटीत चालक होतो. घाट उतरून तेलगाव, माजलगाव. उलट्या बाजूला केज, कळंब, बार्शी करत पुणं. या रस्त्यांवरच माझी सगळी नोकरी झाली. त्या जोरावर एक मागणी करतो : पावसाचा इशारा जिल्ह्याला देऊन थांबू नका. तो रस्त्याला द्या, पुलाला द्या.

बीड जिल्हा आष्टीपासून परळीपर्यंत पसरलेला आहे. ‘बीडला ऑरेंज अलर्ट’ एवढंच कळल्यावर चालकानं करायचं काय? सगळ्याच गाड्या उभ्या करता येत नाहीत. धारूरला रेल्वे नाही. दवाखाना, कॉलेज, बाजार, सगळ्याला एसटी नाही तर काळीपिवळी. गाव बालाघाटाच्या माथ्यावर. इथे रस्ता कोरडा असतो आणि दहा-वीस किलोमीटरवर ओढ्याचं पाणी पुलावरून जात असतं, कारण पाऊस तिसरीकडेच पडलेला असतो. चालकाला हवं असतं ते एवढंच, की या घडीला कोणत्या पुलावर किती पाणी आहे. माझ्या काळात ती माहिती समोरून येणाऱ्या गाडीचा चालक द्यायचा. खिडकीतून हात काढून थांबवायचा आणि सांगायचा. रात्री समोरून गाडीच आली नाही, तर काहीच कळायचं नाही.

सप्टेंबरअखेरचा पाऊस अचानक येतो, हे मला पटत नाही. बंगालच्या उपसागरातून निघालेलं कमी दाबाचं क्षेत्र तेलंगण, विदर्भ करत मराठवाड्यात येतं, त्याला वेळ लागतो. ‘गुलाब’ चक्रीवादळ २६ सप्टेंबर २०२१च्या संध्याकाळी आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर धडकलं. २८ला मांजरा धरणाचे सगळे १८ दरवाजे उघडावे लागले. त्याच २८ तारखेला सकाळी उमरखेड तालुक्यात दहागावच्या पुलावरून नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी वाहून गेली. माणसं गेली. वादळ जमिनीवर आल्याला तोवर दीड दिवस झाला होता. हवामान खात्याला ते दिसत होतं, जिल्ह्यांना इशारे गेले होते. दहागावच्या त्या पुलाशी मात्र वाहन अडवणारं काही नव्हतं.

त्या चालकाला दोष देणं सोपं आहे. मला ते जमत नाही. पाण्याच्या काठाला गाडी उभी केली की मागून काय ऐकू येतं, ते मला माहीत आहे. ‘घ्या की मामा, आत्ताच ट्रॅक्टर गेला.’ कुणाचं लेकरू तापानं फणफणलेलं असतं, कुणाला पुण्यात सकाळी कामावर हजर व्हायचं असतं. ट्रॅक्टर जातो, कारण त्याची चाकं उंच असतात आणि खालून पाण्याला वाट मिळते. एसटीची अख्खी बाजू धारेला आडवी येते. फूटभर वाहतं पाणी लहान मोटार उचलू शकतं, दोन फुटांत मोठ्या गाड्याही सरकतात. गढूळ पाण्यात तळाचा रस्ता शाबूत आहे की खचला, हे दिसत नाही. अंधारात, पन्नास माणसं पाठीशी घेऊन, एकट्यानं हा निर्णय करायला लावणं हाच अन्याय आहे.

इशारा रस्त्यापर्यंत पोहोचवणं श्रीमंत देशांनाही जमलेलं नाही. स्पेनमध्ये २९ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हॅलेन्सिया बुडालं. उन्हाळ्यात तापलेल्या भूमध्य समुद्रानं त्या ढगांना बाष्प पुरवलं होतं. हवामान खात्याचा लाल इशारा सकाळीच आला होता; लोकांच्या मोबाइलवर संदेश वाजला तो रात्री आठनंतर. तोवर कितीतरी माणसं मोटारींमध्ये रस्त्यावरच अडकली होती. २००हून अधिक जीव गेले. अंदाज बरोबर होता, तो रस्त्यापर्यंत पोहोचला नाही.

आपल्याकडे काय करता येईल? बुडणाऱ्या प्रत्येक पुलाच्या दोन्ही टोकांना फुटांच्या खुणा रंगवलेला खांब, रात्री हेडलाइटमध्ये चमकेल असा. आडवं टाकायला फाटक. आणि पुलाशेजारच्या गावातला एक माणूस, मानधन देऊन नेमलेला, ज्याला ते फाटक पाडायचा लेखी अधिकार असेल. आज रस्ता बंद करायचा अधिकार तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी असतो आणि पाणी सगळ्यात आधी दिसतं ते पुलाजवळच्या शेतकऱ्याला. त्याचा एक फोन दोन्ही बाजूंच्या आगारांत एकाच वेळी गेला पाहिजे. पाण्यामुळे गाडी थांबवली तर चालकाला कुणी जाब विचारणार नाही, हेही कागदावर हवं.

घाटाचं वेगळं. सिमेंटचा रस्ता झाला, पण धारूरचा घाट अरुंदच राहिला. वळणांवर धुकं असतं, कडेची माती रस्त्यावर येते आणि ऊस भरलेली गाडी समोर आली की मागं घ्यायला जागा नसते. तिथे रुंदीकरणाशिवाय इलाज नाही.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिमेकडे निघतात. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यात भांडीकुंडी, शेळ्या, त्यावर बायामाणसं आणि लेकरं. परतीचा पाऊस लांबला की ही माणसं रात्री त्याच पुलांवरून जातात आणि त्यांना अडवायला कुठल्याही आगाराचा माणूस नसतो. २०२५च्या सप्टेंबरात आष्टी तालुक्यात कडा गावाकडे पुरात अडकलेल्यांना काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. सीना नदीच्या पुरानं लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला. महामार्ग बंद झाला, ती बातमी सगळीकडे झाली. ओढ्यावरच्या पुलांची कुणी यादीही केलेली मला दिसली नाही.

ती यादी आधी करा. एसटीच्या चालकांना बोलवा, ते एका बैठकीत तोंडपाठ सांगतील. हस्त २७ सप्टेंबरच्या सुमाराला लागतो. त्याआधी निदान धारूर, केज आणि माजलगाव तालुक्यांतल्या पुलांवर खांब उभे राहिले पाहिजेत.