कारखान्यातील टाकी आणि मे महिन्याचा अरबी समुद्र

पाण्याखालची पाणबुडी हुडकून काढण्याच्या संशोधनात गेल्या शतकभरात जे यश मिळाले ते उपकरणे घडवणाऱ्यांच्या खाती जमा झाले आणि जे अपयश आले ते समुद्राच्या नावावर मांडले गेले. हा हिशेब उद्योगाच्या सोयीचा असला तरी तांत्रिकदृष्ट्या टिकणारा नाही, कारण या क्षेत्रात समुद्र हा उपकरणाचाच एक भाग असतो आणि तो भाग कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. आनेकल तालुक्यातील बोम्मसंद्र, जिगणी आणि अत्तिबेले या औद्योगिक वसाहतींत, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आणि सरळ रेषेत मोजले तरी किनाऱ्यापासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास बसून, जे तंत्रज्ञ यंत्रभाग, विद्युत-फलक आणि संवेदकांची जुळणी करतात, त्यांना संरक्षण खात्याच्या नव्या मागण्यांमुळे या विषयात शिरण्याची संधी मिळत असताना ही गोष्ट आधीच स्पष्ट झालेली बरी.

रडारच्या रेडिओतरंगांना खारे पाणी पृष्ठभागापाशीच अडवते, प्रकाशही थोड्याच अंतरात विझतो, आणि उरतो तो ध्वनी, जो समुद्राच्या पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो. सोनार म्हणजे या ध्वनीच्या आधारे वस्तूची दिशा आणि अंतर ठरवणारी यंत्रणा. स्वतः ध्वनीचा स्पंद सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारे सोनार सक्रिय, तर काहीही न सोडता केवळ शत्रूच्या इंजिनाचा व पंख्याचा आवाज ऐकणारे निष्क्रिय म्हटले जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ यांनी दाबविद्युत गुणधर्माच्या, म्हणजे विजेचा दाब दिल्यावर आकार बदलणाऱ्या, क्वार्ट्झच्या चकत्या पोलादी पट्ट्यांमध्ये बसवून सक्रिय सोनारचा पाया घातला, आणि आज क्वार्ट्झच्या जागी शिसे-झिर्कोनेट-टायटनेटचे चिनी मातीसारखे भाजलेले तुकडे आले असले तरी मूळ रचना ओळखू येईल इतकी तशीच आहे.

मात्र उपकरण चांगले असूनही ते निकामी का ठरते, हे कळायला आणखी वीस वर्षे लागली. १९३७ मध्ये क्यूबातील ग्वांतानामोजवळ अमेरिकी नौदलाच्या सरावात असे दिसले की सकाळी नीट चालणारे सोनार दुपारी जवळची पाणबुडीही दाखवत नाही. वूड्स होल संस्थेच्या समुद्रशास्त्रज्ञांनी पाण्याचे तापमान मोजल्यावर खुलासा झाला. उन्हाने वरचा थर थोडासा तापतो, तापलेल्या पाण्यात ध्वनीचा वेग वाढतो आणि त्यामुळे ध्वनीचे किरण खालच्या, कमी वेगाच्या पाण्याकडे वळतात. तापलेल्या डांबरी रस्त्यावर मृगजळ ज्या नियमाने दिसते त्याच नियमाने पृष्ठभागाजवळची पाणबुडी ध्वनीच्या सावलीत दडते. पुढच्याच वर्षी ॲथेलस्टन स्पिलहाउस यांनी बॅथीथर्मोग्राफ, म्हणजे खोलीनुसार तापमान नोंदवत खाली जाणारे साधन, व्यवहारात आणले आणि पाणबुडीविरोधी युद्धात समुद्रशास्त्राला कायमची जागा मिळाली.

भारतीय नौदलाला हा धडा मिळाला तो फार मोठी किंमत मोजून. डिसेंबर १९७१ मध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्याबाहेर पाकिस्तानी पाणबुडी असल्याची चाहूल लागल्यावर मुंबईहून आयएनएस खुकरी आणि आयएनएस किरपाण या फ्रिगेट तिच्या मागावर पाठवण्यात आल्या. खुकरीवरील १७० व १७४ या श्रेणीचे सोनार ब्रिटिश बनावटीचे आणि आदल्या पिढीतील होते, तर समोरची पीएनएस हंगोर ही फ्रान्समध्ये बांधलेली, अवघ्या दोन वर्षांपूर्वी सेवेत आलेली दाफ्ने वर्गाची पाणबुडी होती आणि ती निष्क्रिय सोनारवर या जहाजांचा आवाज ऐकत होती. नौदलाच्या इतिहासात नोंद आहे की मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात प्रशिक्षण घेत असताना लेफ्टनंट व्ही. के. जैन या तरुण विद्युत अधिकाऱ्याने या सोनारचा पल्ला वाढवणारी एक जोडणी तयार केली होती, ती खुकरीवर बसवून त्या मोहिमेतच तपासली जात होती, आणि तिच्यासाठी जहाजाची गती कमी ठेवण्यात आली होती. गती कमी केली की जहाजाचा स्वतःचा आवाज आणि तळाला घासणाऱ्या पाण्याचा गोंगाट उतरतो आणि सोनारला अधिक ऐकू येते. संथ जहाज हे पाणतीरासाठी सोपे लक्ष्यही असते. ९ डिसेंबरच्या रात्री हंगोरच्या पाणतीराने खुकरी बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले, त्यांत लेफ्टनंट जैनही होते.

या घटनेची चर्चा बहुधा शौर्याच्या अंगाने होते आणि ती तशी व्हावीही. परंतु उपकरणशास्त्राच्या अंगाने पाहता तिच्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे: शांततेच्या काळात समुद्रावर करायच्या चाचण्या त्या वेळी युद्धाच्या रात्रीपर्यंत लांबल्या होत्या. जैन यांची कल्पना चुकीची होती असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. तिला शत्रूविरहित पाण्यात काही महिने मिळाले नाहीत, एवढेच म्हणता येते.

युद्धानंतर नौदलाने सोनार सुधारण्याचे काम दिल्लीच्या आयआयटीत संशोधन करणाऱ्या आरोग्यस्वामी पॉलराज या नौदल अधिकाऱ्याकडे सोपवले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडलेल्या पॉलराज यांनी आधी जुन्या १७०-ब सोनारची सुधारणा केली आणि पुढे कोचीच्या नौदल भौतिक व समुद्रशास्त्रीय प्रयोगशाळेत, जिला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून एनपीओएल म्हणतात, ‘अप्सोह’ या संपूर्ण स्वदेशी, जहाजाच्या तळाला बसणाऱ्या सोनारचे नेतृत्व केले. त्याच्या चाचण्या १९८० च्या दशकाच्या आरंभी आयएनएस हिमगिरीवर झाल्या आणि उत्पादन बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये झाले. हम्सा, पाणबुड्यांसाठीचे उशुस आणि किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यासाठीचे अभय ही पुढची सोनार याच प्रयोगशाळेची आणि त्यांचे उत्पादन याच कंपनीचे. या वाटेला एक अनपेक्षित फाटाही फुटला. पुण्यात जन्मलेले आणि तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ मध्ये पदवी घेतलेले थॉमस कैलथ यांच्यासोबत स्टॅनफर्डमध्ये काम करताना पॉलराज यांनी अनेक संवेदकांवर पडणाऱ्या लहरींची दिशा काढण्याच्या पद्धतीत मोलाची भर घातली आणि त्याच विचारातून १९९२ मध्ये अनेक अँटेनांच्या बिनतारी संदेशवहनाचा, म्हणजे मायमोचा, पेटंट अर्ज झाला. आजच्या मोबाइलमधील या तंत्राची एक मुळी सोनारच्या ॲरेपर्यंत जाते, ही गोष्ट संरक्षण संशोधनाला केवळ खर्चाची बाब मानणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

ॲरे म्हणजे ठरावीक अंतराने मांडलेल्या हायड्रोफोनांची, म्हणजे पाण्यातील ध्वनिग्राहकांची, रांग. तिची दिशा ओळखण्याची ताकद तिच्या लांबीच्या आणि ध्वनीच्या तरंगलांबीच्या प्रमाणावर ठरते. पाणबुडीच्या यंत्रांचा १०० हर्ट्झचा गुणगुणाट पकडायचा तर पाण्यात त्याची तरंगलांबी १५ मीटर होते. तळाखालच्या दोन मीटरच्या घुमटातील ॲरेला त्याची दिशा सांगणे अशक्य असते, तर जहाजामागे ओढत नेलेली १५० मीटरची रांग सहा अंशांच्या आसपास भेद करू शकते. पण हे गणित प्रत्येक चॅनेल दुसऱ्याशी तंतोतंत जुळत असेल तरच खरे ठरते. पॉलियुरेथेनच्या पॉटिंगमध्ये, म्हणजे हायड्रोफोनभोवती ओतायच्या आवरणात, हवेचा एखादा बुडबुडा राहिला तर त्या घटकाची संवेदनशीलता आणि कला, म्हणजे लहर केव्हा चढते व केव्हा उतरते याची वेळ, दोन्ही बदलतात. दर १०० मीटर खोलीला सुमारे दहा वातावरणांचा दाब वाढत असल्याने कारखान्यातील चाचणीच्या टाकीत निर्दोष दिसलेली जोडणी खाली गेल्यावर वेगळी वागते, आणि एका चॅनेलचा हा दोष संपूर्ण ॲरेला नको त्या दिशेचा आवाज ऐकवतो. निर्वात पॉटिंग आणि दाबपात्रातील चाचणी यांत काटकसर करणाऱ्या पुरवठादाराने स्वस्तात दिलेला माल शेवटी जहाजावर सर्वांत महाग पडतो.

संगणकीय ओळखीविषयी सध्या जो उत्साह आहे त्यालाही आकड्यांची थोडी शिस्त लावली पाहिजे. समजा, एखादे सक्रिय सोनार १०० दिशांत आणि प्रत्येक दिशेत २०० अंतर-खंडांत पाहते. म्हणजे प्रत्येक स्पंदानंतर २०,००० वेळा ‘आहे की नाही’ हा निर्णय घ्यावा लागतो. खोट्या इशाऱ्याची शक्यता दर निर्णयाला दहा हजारांत एक इतकी खाली आणली, तरी प्रत्येक स्पंदाला सरासरी दोन खोटे इशारे येतात. १५ किलोमीटरपर्यंत जाऊन परतायला ध्वनीला २० सेकंद लागतात, म्हणजे तासाला १८० स्पंद आणि ३६० खोट्या पाणबुड्या! माग ठेवणाऱ्या गणनपद्धती यांतील बहुतेक गाळतात हे खरे, परंतु गाळणी कशावर शिकवली हा प्रश्न उरतोच, आणि नॉर्वेच्या थंड समुद्रातील नोंदींवर शिकवलेली गाळणी रत्नागिरीच्या पाण्यात काय करील हे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

कारण आपल्या समुद्रांचा स्वभाव वेगळा आहे आणि तो ऋतूगणिक बदलतो. एप्रिल-मे महिन्यांत अरबी समुद्राचा पृष्ठभाग ३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो आणि वरचा सारखा मिसळलेला थर अगदी पातळ होतो. त्याखाली तापमान झपाट्याने उतरते आणि ग्वांतानामोची दुपार इथे दोन महिने टिकते. जूनमध्ये मोसमी वारे सुटले की मध्य अरबी समुद्रात पाणी खोलवर घुसळले जाते आणि ध्वनीला पृष्ठभागालगत नवा मार्ग मिळतो. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे पाणी वर तरंगून वेगळाच थर धरते, त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर जुळवलेले सोनार विशाखापट्टणमला पुन्हा जुळवावे लागते. मुंबईबाहेर सागरमग्न उथळ मंच सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. अशा पाण्यात स्पंद तळाला आणि पृष्ठभागाला आळीपाळीने आपटत जातो आणि परतताना चिखल, खडक व बुडालेली जहाजे यांचे प्रतिध्वनी बरोबर आणतो. त्यात नांगी झटक्याने मिटून टिचकीसारखा आवाज करणाऱ्या कोळंबीच्या जातींचा सततचा कडकडाट, आणि कोकणातील यांत्रिक मासेमारी नौकांची इंजिने. १ जूनपासून मासेमारी बंद असते तेव्हा ही इंजिने थांबतात आणि पार्श्वगोंगाट मोजण्याची सुरेख संधी चालून आली असे वाटते. पण नेमक्या त्याच आठवड्यांत वारा व पाऊस यांचा आवाज चढतो, हलक्या पावसाचा जोर तर १५ किलोहर्ट्झच्या आसपास असतो, आणि एक गोंगाट दुसऱ्यापासून वेगळा काढण्यासाठी अनेक वर्षांच्या नोंदी लागतात.

ध्वनीखेरीज दुसरे साधन चुंबकीय विचलनाचे. पाणबुडीच्या पोलादामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात पडणारा सूक्ष्म फरक विमानातील संवेदक टिपतो, पण हा फरक अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटत असल्याने विमानाला जवळपास डोक्यावर यावे लागते. म्हणून ही पद्धत शोधापेक्षा खात्रीसाठी उपयोगी. भारताने घेतलेल्या पी-८आय विमानांत हा संवेदक आहे, अमेरिकेने स्वतःच्या पी-८ए विमानांतून तो वगळला. चुंबकीय मोजमापाला शांत जागा किती लागते हे महाराष्ट्राला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे: मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ पासून अलिबागला हलवण्यात आले आणि ते आजही तेथे चालू आहे.

१८ जून २०२५ रोजी नौदलात दाखल झालेल्या, वसईजवळच्या किल्ल्याचे नाव धारण करणाऱ्या आयएनएस अर्नाळापासून उथळ पाण्यातील १६ पाणबुडीविरोधी नौकांची मालिका सुरू झाली आहे, म्हणजे याच गोंगाटाच्या पट्ट्यात चालणाऱ्या सोनारची आणि त्यांच्या सुट्या भागांची मागणी पुढील काही वर्षे राहणार आहे. संरक्षण क्षेत्रातील नवकल्पनांसाठीच्या २०१८ च्या आयडेक्स योजनेमुळे लहान उद्योगांना स्पर्धेत उतरण्याची दारे उघडली. मात्र या उद्योगांच्या हाती टाकीपलीकडचे पाणी नाही. एनपीओएलची सागरध्वनी ही नौका १९९४ पासून समुद्रात नोंदी घेते आहे, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे १९६६ पासूनचे तापमान व क्षारतेचे संचित आहे, आणि इडुक्कीच्या जलाशयात कुळमावू येथे २०२४ मध्ये १०० मीटरपर्यंत संवेदक उतरवणारा तरंगता मंच उभा राहिला. हा मंच अत्यंत उपयुक्त आहे, पण तेथील पाणी गोडे आणि निवांत आहे. तेथे कोळंबी नाही आणि ट्रॉलरही नाहीत.

तेव्हा मागणी दोन गोष्टींची केली पाहिजे. पाणबुड्यांच्या ध्वनिखुणा गुप्त राहाव्यात यात दुमत नाही, परंतु पावसाचा, कोळंबीचा आणि मासेमारी नौकांचा गोंगाट हे लष्करी गुपित नाही. निवडक ठिकाणांच्या, ऋतुवार, जुन्या नोंदी नोंदणीकृत पुरवठादारांना मिळाल्या तर गणनपद्धती घडवणाऱ्यांचे अंधारातले चाचपडणे थांबेल. दुसरे, खरेदीच्या करारात टाकीतील स्वीकृती-चाचणीबरोबर समुद्रातील दोन ऋतूंची चाचणी असावी आणि तिचा निकाल, चांगला असो वा वाईट, भाग बनवणाऱ्यापर्यंत पोहोचावा. असा करार महाग होईल आणि मुदतही लांबेल, हा आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून वाढीव मुदतीचा खर्च खरेदीदाराने उचलावा आणि फेरदुरुस्तीचा पुरवठादाराने, अशी वाटणी प्रस्तुत मासिक सुचवते. तिच्यावर या व्यवसायातील वाचकांचे, विशेषतः पॉटिंग आणि अंशांकन प्रत्यक्ष करणाऱ्यांचे, आकडेवारीसह लेखी मत पुढील दोन अंकांत छापले जाईल.