हाची, काळू आणि जनरल शिफ्ट

घरात कुत्रा आणावा की नाही, हा विषय आमच्याकडे उन्हाळ्यातल्या पाण्याच्या टँकरसारखा आहे. येणार हे नक्की असतं, कधी ते माहीत नसतं, आणि आला की सगळे आपापली बादली घेऊन धावतात. लेक (वय वर्षे नऊ) 'हो'ची बादली घेऊन, बायको 'नाही'ची, आणि मी दोन्ही हातांत एकेक घेऊन मधे उभा.

बायकोचं म्हणणं एका वाक्याचं आहे. "त्याचं सगळं शेवटी मलाच करावं लागणार." या वाक्याला उत्तर नसतं, हे लग्न झालेल्या वाचकांना सांगायला नको. लेकीचं म्हणणंही एकाच वाक्याचं. "बाबा, मी शाळेतून आल्यावर घरात कोणीच नसतं." यालाही उत्तर नसतं. म्हणून चर्चा दर वेळी तिथेच थांबते आणि टँकर निघून जातो.

एका रविवारी मात्र लेकीनं नवीन पुरावा सादर केला. मैत्रिणीकडून ऐकून तिनं 'हाची : अ डॉग्ज टेल' लावायला लावला. रिचर्ड गिअरचा, २००९ सालचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : एक प्राध्यापक रोज रेल्वेनं कामाला जातो, त्याचा कुत्रा संध्याकाळी त्याला घ्यायला स्टेशनवर येतो. एके दिवशी प्राध्यापक कामावरच कोसळतो आणि परत येत नाही. कुत्रा येत राहतो. एक दिवस, दोन दिवस नाही, वर्षानुवर्षं. आमच्या घरात शेवटची वीस मिनिटं कोणी कोणाकडे बघत नव्हतं. बायकोला तर अचानक कपाटातल्या धूळीची अ‍ॅलर्जी आठवली.

हा रिमेक आहे. मूळ सिनेमा जपानी, 'हाचिको मोनोगातारी', १९८७ चा. दिग्दर्शक सेइजिरो कोयामा, प्राध्यापकाच्या भूमिकेत तात्सुया नाकादाई. तो मी आधी पाहिलेला होता. त्यामुळे रविवारी मी रडत कमी होतो आणि तुलना जास्त करत होतो (बायकोच्या मते ही माझी जुनी खोड आहे).

आता रिमेक म्हटला की आपल्याकडे नाकं मुरडायची पद्धत आहे. 'सैराट' (२०१६) पाहिलेल्या माणसासमोर 'धडक'चं (२०१८) नाव काढून बघा. पण याच न्यायानं 'अशी ही बनवाबनवी'चं काय करणार? १९८८ चा हा सिनेमा मराठी माणसाला तोंडपाठ आहे, आणि त्याचा सांगाडा हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'चा (१९६६). मूळ किती जणांनी पाहिलाय? रिमेक चांगला की वाईट हा प्रश्न मला फारसा पडत नाही. मला पडतो तो प्रश्न असा, की दुसऱ्यांदा सांगताना गोष्टीतलं काय गाळलं?

'हाची'च्या बाबतीत गाळलेली पहिली गोष्ट म्हणजे कुत्रा घरात येतो कसा. हॉलिवूडमध्ये पिल्लू पेटीतून स्टेशनवर सांडतं आणि प्राध्यापकाच्या पायाशी येतं. म्हणजे नशिबानंच दोघांची गाठ घातली. मालकानं काही ठरवलंच नाही. खऱ्या आयुष्यात टोकियो विद्यापीठातले शेतीशास्त्राचे प्राध्यापक हिदेसाबुरो उएनो यांना अकिता जातीचाच कुत्रा हवा होता. १९२३ च्या नोव्हेंबरात ओदाते भागात जन्मलेलं पिल्लू १९२४ च्या जानेवारीत रेल्वेनं लांबचा प्रवास करून त्यांच्या घरी आलं. मुद्दाम मागवलेलं. नशीब वगैरे काही नाही, माणसानं घेतलेला निर्णय.

गाळलेली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. अमेरिकन सिनेमात प्राध्यापकाच्या मागे कुत्र्यावर सगळे प्रेमच करतात. मुलगी त्याला आपल्या घरी नेते, तो पळून जातो, तेव्हा ती समजूतदारपणे फाटक उघडून देते. स्टेशनवरचा गाडीवाला खायला घालतो. खरा हाची मात्र मालकामागे या घरातून त्या घरात फिरला, आणि शिबुया स्टेशनवर त्यानं हाकलणं, मार खाणं सगळं सोसलं. १९३२ च्या ऑक्टोबरात 'आसाही' वर्तमानपत्रात त्याच्यावर लेख आला आणि मग तोच कुत्रा एकदम राष्ट्राचा लाडका झाला. १९३४ मध्ये स्टेशनसमोर पुतळा बसला, अनावरणाला हाची स्वतः हजर! युद्धात तो पुतळा वितळवला गेला, मूर्तिकार आन्दो तेरू वारले, आणि १९४८ मध्ये त्यांच्या मुलानं तो पुन्हा घडवला. (हासुद्धा रिमेकच, आणि माझ्या मते सगळ्यांत चांगला.)

या सगळ्यात एक हिशेब कोणी मोठ्यानं वाचत नाही. हाची प्राध्यापकांबरोबर राहिला जेमतेम सोळा महिने. प्राध्यापक गेले २१ मे १९२५ ला. हाची गेला ८ मार्च १९३५ ला. म्हणजे सोळा महिन्यांचा सहवास आणि जवळजवळ दहा वर्षांची वाट. आपण यातून 'इमानी कुत्रा' हा धडा काढतो आणि डोळे पुसतो. पण सिनेमा संपल्यावर माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. आपल्याला कुत्रा हवाय, की आपली वाट बघणारं कोणीतरी हवंय?

कारण आमच्या भागात वाट बघणं ही काही गोष्टीतली गोष्ट नाही. कुरुळी म्हणजे पुणे-नाशिक रस्त्यावर मोशीच्या पुढे आणि चाकणच्या अलीकडे. एकेकाळचा कांद्या-ज्वारीचा मुलूख, आता शेतांच्या मधे शेड, शेडच्या मधे सोसायट्या. अर्धी वस्ती भाड्यानं राहणारी, कंपनीच्या बसनं जाणारी. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, दर आठवड्याला बदल. फाट्यावर ट्रॅफिक अडकला की साडेचारला येणारा माणूस सहाला येतो, आणि तोवर घरात कोणी ना कोणी वाट बघत असतंच. बायको नवऱ्याची, मुलं दोघांची, गावाकडे आई फोनची.

आता आमच्या घरचं वेळापत्रक मांडतो. पहिल्या पाळीला मी सव्वासहाला घर सोडतो. लेक साडेसातला, बायको साडेआठला. लेक परत येते अडीचला. म्हणजे मी पहिल्या पाळीत असताना कुत्रा रोज सलग सहा तास बंद फ्लॅटमध्ये एकटा. रात्रपाळीच्या आठवड्यात मी दिवसभर घरी, पण झोपलेला, आणि भुंकणाऱ्या प्राण्याशी माझं त्या आठवड्यात पटणं अवघड. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मी सकाळी घरी, पण संध्याकाळी त्याला खाली कोण नेणार? बायको सातला येते ती स्वयंपाकाला लागते. वर मांडलेलं तिचं वाक्य आठवा.

शिवाय वर्षांचा हिशेब. लॅब्रॅडोर साधारण दहा-बारा वर्षं जगतो. लेक आज नऊ वर्षांची, म्हणजे तिची दहावी, बारावी, कॉलेज सगळं त्याच्या आयुष्यात येणार. ती हॉस्टेलला गेली की कुत्रा तिची खोली हुंगत बसणार आणि त्याला घेऊन खाली उतरणार मी. एका रविवारच्या सिनेमावर दहा-बारा वर्षांची सही करायची नसते.

हे काही माझ्या एकट्याच्या मनातलं नाही. '१०१ डाल्मेशियन्स' हा डिस्नेचा १९६१ चा कार्टूनपट १९९६ मध्ये खऱ्या कुत्र्यांना घेऊन पुन्हा काढला. अमेरिकेत पोरांनी हट्ट केला, आईबापांनी ठिपक्यांची पिल्लं घेतली. ती मोठी झाली, घरभर उधळायला लागली, आणि कित्येकांची रवानगी प्राण्यांच्या निवाऱ्यांत झाली. आपल्याकडे २००३ मध्ये 'हच'च्या जाहिरातीत मुलामागे चालणारा तो चपट्या नाकाचा पग आला, आणि वर्षभरात जो तो पग विचारायला लागला. त्या चपट्या नाकानं पगला श्वास घ्यायला त्रास होतो, उन्हाळा त्याला झेपत नाही, हे तीस सेकंदांत कोण सांगणार? पडद्यावरचा कुत्रा शी करत नाही, आजारी पडला तर सुंदर आजारी पडतो. आणि तो एकटा नसतोच. रिचर्ड गिअरचा मोठा झालेला हाची म्हणजे तीन वेगवेगळे अकिता होते. एकाच कुत्र्याकडून तेवढी माया काढणं सिनेमावाल्यांनाही जमलं नाही!

आमच्या फाट्यावर कधीकधी गळ्यात पट्टा असलेलं कुत्रं दिसतं. जातिवंत असतं, अंगावर गोचिडं, रस्ता ओलांडायची अक्कल नाही, कारण ते रस्त्यावर वाढलेलं नाही. त्याचा माणूस कुठे गेला असेल याचा अंदाज बांधायला फार डोकं लागत नाही. काँट्रॅक्ट संपलं, बदली झाली, नवीन घरमालक प्राणी चालणार नाही म्हणाला. टेम्पोत फ्रिज मावला, गाद्या मावल्या, कुत्रं मावलं नाही. मला हाचीपेक्षा ही गोष्ट जास्त रडवते, कारण हिचा सिनेमा निघणार नाही. हाचीचा मालक निदान मेला होता. याचा मालक दुसऱ्या कुठल्या तरी एमआयडीसीत जिवंत आहे.

याउलट आमच्या सोसायटीच्या गेटवरचा काळू. तो कोणाचाच नाही. आधीच्या वॉचमन काकांच्या डब्यातली अर्धी भाकरी त्याची असायची. एजन्सी बदलली, काका परभणीकडे गेले. काळू पाच-सहा दिवस केबिनच्या दाराशी बसून होता, बिस्किटांनाही तोंड लावेना. लेक रोज येऊन हवाल सांगायची. मग एके दिवशी त्यानं नव्या काकांच्या डब्याकडे पाहिलं, विचार केला, आणि भाकरी खाल्ली. आता रात्री त्यांच्याबरोबर राउंडला जातो. याला कोणी बेइमानी म्हणेल का? मला तर हे निरोगी मनाचं लक्षण वाटलं. दहा वर्षं स्टेशनवर बसणं हे कुत्र्याचं कर्तव्य नाही, त्यानं पुढे जगावं हे बरं. पुतळा नाही मिळणार, भाकरी मिळेल.

तर माझं मत : कुत्रा पाळणं म्हणजे रिकाम्या घरावरचा उपाय नाही. रिकामं घर ही माणसांची अडचण आहे आणि ती माणसांनीच सोडवायची आहे. लेकीला अडीच ते साडेचार एकटं वाटतं, तर तिला त्या वेळात शेजारच्या काकूंकडे बसता येईल का, बायकोला दोन दिवस लवकर निघता येईल का, मला जनरल शिफ्ट मिळेल का, हे प्रश्न आधीचे. ते न सोडवता आपण एक पिल्लू आणून त्यालाही त्याच रिकाम्या घरात बसवणार, म्हणजे एकाऐवजी दोघं वाट बघणार. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत, अंगण आहे, दिवसभर माणसाचा वावर आहे, त्यांनी जरूर आणावा. दुकानातून घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, की आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. आणि जातिवंतच हवं हा आग्रह सोडलात तर आपल्या हवेत रुळलेली गावठी पिल्लं गल्लोगल्ली आहेत.

हे सगळं लेकीला मी सिनेमानंतर दोन दिवसांनी सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग बाबा, जनरल शिफ्ट मिळाली तर?" पोरगी वकील होणार बहुतेक. :) मी म्हटलं, तर पुन्हा बोलू. अर्ज दिलाय. मिळेल तेव्हा खरं.

तोवर एक तोडगा निघालाय. सोसायटीत वर्गणी काढून काळूला रेबीजची लस टोचून घेतली. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की उपाय नसतो, त्यामुळे ही वर्गणी गणपतीच्या आधी निघायला हरकत नव्हती. दर वर्षी टोचायची असं ठरलंय. आणि लेकीनं रोज संध्याकाळी साडेसहाला खाली जाऊन त्याचं पाणी बदलायचं, एक पोळी द्यायची, पावसापाण्यातसुद्धा. सलग सहा महिने. तिनं कंपनीतल्यासारखं हजेरीपत्रक करून फ्रिजवर लावलंय.

आज एकोणिसावा दिवस. खाडे दोन, दोन्ही रविवारचे.