रद्दीला जो मान, तोच दुधाच्या पिशवीला



वर्तमानपत्राची रद्दी आपल्या सोसायटीतलं कुणीही खरकट्यात टाकत नाही. ती घडी घालून माळ्यावर नाहीतर पलंगाखाली महिना-दोन महिने सांभाळली जाते आणि रद्दीवाला आला की काट्याकडे नीट लक्ष ठेवून विकली जाते. ही सवय आपल्याला कुणी शिकवली नाही, घरात बघून लागली. म्हणजे वेगळं ठेवणं आपल्या अंगवळणी पडलेलंच आहे. माझी विनंती एवढीच, की रद्दीसाठी जे करतो ते दुधाची पिशवी, शाम्पूची बाटली, औषधांची खोकी यांच्यासाठीही आजपासून करू या.

हे लिहायला कारण घडलं. गेल्या महिन्यात एकदा सकाळी लवकर खाली उतरले, तर आपल्याकडे येणाऱ्या कचरावेचक ताई एका पिशवीत कोपरापर्यंत हात घालून आमटीत भिजलेला पुठ्ठा बाहेर काढत होत्या. बोटाला चिंधी बांधलेली. विचारलं तर म्हणाल्या, काल काच लागली, निळ्या काठाचा ग्लास होता कुणाचा तरी. निळ्या काठाचे ग्लास आमच्या घरी आहेत. फुटलेला मीच केरात टाकला होता, कागदात न गुंडाळता. त्यांनी तक्रारीचा सूर लावला नाही, हेच मला जास्त लागलं.

कचरावेचक बायकांचं काम म्हणजे दान नव्हे, धंदा आहे. पुण्यात 1993 साली बाबा आढाव यांच्या पुढाकाराने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली, आणि 2008 पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते. महिन्याला आपण देतो ते शुल्क आणि सुका माल भंगारच्या दुकानात विकून येणारे पैसे, यावर त्यांचं घर चालतं. कागदाला तेल लागलं की तो गिरणीच्या उपयोगाचा राहत नाही. प्लॅस्टिकला खरकटं चिकटलं की भाव पडतो. आपण एकाच डब्यात सगळं ढकललं, की त्यांच्या कमाईतला तेवढा भाग आपण आपल्या ओट्यावरच नासवलेला असतो.

“शेवटी सगळं एकाच गाडीत जातं, मग कशाला?” हे मी अनेकांकडून ऐकलं आहे. विकला जाणारा माल गाडीत जातच नाही. ताई तो बाजूला काढतात, वर्गवारी करतात आणि दुकानात नेतात. गाडीत जातं ते आपण बरबटवून ठेवलेलं.

आणि गाडी कुठे जायची, तेही आठवू या. वर्षानुवर्षं आपल्या शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीला पडत राहिला. तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं. 2017 च्या उन्हाळ्यात गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि पुण्यात कचराकोंडी झाली. आपल्या चौकात तो वास काही आठवडे होता. त्यांच्या दारात तो कित्येक वर्षं होता.

वेगळं ठेवण्याची सुरुवात एकाच वस्तूपासून करा, दुधाच्या पिशवीपासून. ती रोज येते, त्यामुळे सवय रोज गिरवली जाते. पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका. तो इवलासा त्रिकोण केरात हरवतो आणि कुणाच्याच हाती लागत नाही. कोपऱ्याला चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकू द्या. मग आत थोडं पाणी घालून खळबळा आणि ते पाणी पातेल्यातच ओता. आपल्या आया-आज्या हेच करत आल्या. पिशवी उलटी करून सिंकशेजारी खिळ्याला अडकवा. संध्याकाळपर्यंत ती कोरडी होते. आमच्याकडे अशा पिशव्यांचा आता गठ्ठा बांधला जातो आणि त्याला अजिबात वास येत नाही.

हे महिनाभर जमलं की बाकीचं आपोआप मागे येतं. तेलाची, सॉसची बाटली भांडी घासून झाल्यावर उरलेल्या साबणाच्या पाण्यात विसळायची. खोकी दाबून चपटी करायची. शीतपेयाचा डबा कधीच टाकून देऊ नका: जुनं ॲल्युमिनियम वितळवायला खनिजापासून नवं बनवण्याच्या जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना मात्र भंगारात जवळजवळ गिऱ्हाईक नाही, कारण प्लॅस्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ती सुक्यातच टाका, पण खरं म्हणजे कमी आणा.

फुटकी काच जाड कागदात गुंडाळून त्यावर ‘काच’ असं मोठ्या अक्षरात लिहा. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात बांधून वर लाल ठिपका काढा, म्हणजे ताईंना पुडी उघडून बघावी लागणार नाही. बॅटरीचे सेल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं वेगळ्या डब्यात. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक अशी विभागणी प्रत्येक घरावर बंधनकारक केली. दंडाच्या भीतीनं ती करावी असं मात्र मला वाटत नाही.

घरकामाला येणाऱ्या मावशींना ‘तुम्ही वेगळं करा’ असं सांगून मोकळं होऊ नका. डबे आपण मांडायचे, कुठे काय ते आपण दाखवायचं, आणि घरातल्या पुरुषांनी व मुलांनीही तेच पाळायचं.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता पार्किंगमध्ये जमू या. प्रत्येक घरानं आठवड्याचा सुका कचरा असेल तसा घेऊन यावा, धुतलेला नसला तरी चालेल. ताई येणार आहेत. कशाला भाव मिळतो, कशाला नाही, हे त्या आपल्यासमोर वेगळं करून दाखवतील. त्यांच्यासाठी हातमोज्यांच्या जोड्या मी आणते आहे; चहाची जबाबदारी कुणी घेतली तर बरं होईल.

आपली,
बी विंगमधील एक रहिवासी