सोड्याऐवजी धिंगरी

गव्हाच्या काडाचा कागद करायचा तर ते कॉस्टिक सोड्यात शिजवतात. काम तासांत होतं. काळं पाणी शुद्ध केलं नाही, तर नदीच्या नशिबी. धिंगरी अळिंबीची बुरशीही तेच करते, धाग्यांना जखडणारं लिग्निन खाते. दिवस 20-25 लागतात, पण त्या दिवसांचे पैसे अळिंबीच देते! फार ठेवलं तर धागाही जातो. सोडा सुटणार नाही, कमी होईल.

मोठ्या कारखान्याला एवढा धीर कुठला? दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातल्या आपल्या हातकागद कारागिरांना मात्र हे जमेल. गंगापूर धरणाजवळच्या मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्राने अळिंबी काढून उरलेल्या काडाचा कागद कागजींकडून एकदा करून पाहावा. तीच गोदावरी पुढे त्यांच्या जिल्ह्यातून वाहते.