स्कोअर संपला, दम उरला

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रात घरोघरी एकच प्रश्न होता : ‘स्कोअर किती?’ पंचवीसपैकी आठ आला की हायसे वाटे. अठरा म्हटले की खाटेसाठी धावाधाव. रुग्ण घरी आला, फिल्म कपाटात गेली आणि सगळ्यांनी हिशेब मिटला असे धरले.

काहींचा तो मिटला नाही. स्कॅनवर दिसणारे पांढुरके पट्टे सगळेच कायमचे व्रण नसतात. बरेचसे सूज ओसरेल तसे काही महिन्यांत विरतात, म्हणून घाईने ‘फायब्रोसिस’चा शिक्का मारणे चूकच. पण काहींच्या वायुकोशांभोवतीची नाजूक भिंत जाड आणि ताठर होते, प्राणवायू रक्तात उतरताना अडखळतो आणि माणूस जिन्यात मध्येच थांबतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने बऱ्या झालेल्या २०७ जणांना तपासले, तेव्हा वायूंच्या या देवाणघेवाणीची क्षमता ४४ टक्के जणांत कमी आढळली.

अशा रुग्णाला ‘वजन वाढलंय, वय झालंय’ असे सांगून परत पाठवले जाते. बसल्या जागी ऑक्सिमीटर ९७ दाखवतो, मग तक्रार खोटीच वाटते. त्याला सहा मिनिटे चालवून पुन्हा आकडा पाहायला हवा. त्यासाठी रुग्णालयाचा व्हरांडा, घड्याळ आणि एक परिचारिका पुरते. ही सोय प्रत्येक तालुक्यात व्हावी. ज्यांचा आकडा चालताना घसरेल, त्यांनाच पुढच्या महागड्या तपासण्यांसाठी शहरात पाठवावे.