बांधातील दुसरी वाट

भाताच्या आवणीत वाकलेल्या आजी एकाएकी उठून बांधावर बसल्या. ‘छातीत पाखरू फडफडतंय,’ एवढेच त्या म्हणाल्या. वय ६२. हे पाखरू प्रथम आले तेव्हा त्या नव्याने सासरी आलेल्या होत्या. तेव्हापासून वर्षातून दोन-चारदा ते यायचे, पाव-अर्धा तास फडफडायचे आणि आले तसे एका क्षणात थांबायचे. घरच्यांनी त्याला ‘वारे’ म्हटले, भगताने अंगारा दिला आणि आमच्याच व्यवसायातील कुणीतरी ‘मानसिक ताण’ असे लिहून झोपेची गोळी दिली. भगताला मी फारसा दोष देत नाही. त्याच्याजवळ ईसीजीचे यंत्र नव्हते.

या वेळी नातवाने वाट पाहिली नाही. वावरहून जीप करून, फडफड चालू असतानाच त्याने आजींना जव्हारच्या रुग्णालयात नेले. ईसीजीत ठोके मिनिटाला १८० होते, अगदी नियमित. शिरेतून एक इंजेक्शन दिल्यावर काही सेकंदांतच ते थांबले. नंतर, हृदय शांत असताना, दुसरा ईसीजी काढला आणि त्यात खरी खूण सापडली. चाळीस वर्षांचे कोडे दोन कागदी पट्ट्यांनी सोडवले.

ते कोडे आपल्या भाताच्या खाचरावरून चांगले उमगते. वरच्या खाचरातले पाणी खालच्या खाचरात सोडायला बांधात एकच मोरी ठेवलेली असते. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्येही असाच बांध असतो; त्यातून वीज जात नाही. वीज उतरते ती एकाच मोरीतून, तीही क्षणभर अडून, म्हणजे खालचे कप्पे भरायला सवड मिळते. काही माणसांत मात्र जन्मतःच त्या बांधात खेकड्याच्या बिळासारखी आणखी एक वाट राहून जाते. स्नायूचा तो एक बारीक धागा असतो. एरवी तो निमूट असतो. पण एखादा अवेळी ठोका पडला, की वीज मोरीतून खाली उतरते आणि बिळातून पुन्हा वर चढते. असे चक्र सुरू झाले, की पाखरू फडफडू लागते. चक्र कुठेही तुटले, की तत्क्षणी थांबते. म्हणूनच एकदम सुरू होणे आणि एकदम थांबणे, हे या विकाराचे मोठे लक्षण. भीतीने वाढलेली धडधड हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. काहींना झटक्यानंतर भरपूर लघवी होते. रुग्ण हे संकोचाने सांगत नाहीत, पण आम्हाला त्याचा उपयोग होतो.

१९३० मध्ये वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तीन डॉक्टरांनी अशा ११ रुग्णांचे वर्णन केले. त्यांच्या आद्याक्षरांवरून याला ‘डब्ल्यूपीडब्ल्यू’ म्हणतात. दर हजारी एक ते तीन माणसांच्या ईसीजीत ही खूण दिसते. पुष्कळांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. मात्र काही बिळे एरवीच्या ईसीजीत दिसतच नाहीत. म्हणून झटका चालू असतानाचा ईसीजी सोन्याच्या मोलाचा. तो जपून ठेवावा.

‘इतकी वर्षे निभावले, आता काय होणार?’ हा आजींचा प्रश्न रास्त होता. वयाबरोबर ही वाट कधीकधी आपोआप दुबळी होते, हे खरे. पण वयाबरोबर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ही वाढते. त्यात वरचे कप्पे मिनिटाला तीनशेहून अधिक वेळा बेताल थरथरतात. मोरी त्यातले बरेचसे अडवते. बीळ अडवीलच असे नाही. सगळा लोंढा खाली आला तर जीवावर बेतते. अशा वेळी व्हेरापामिल, डिल्टियाझेम किंवा डिगॉक्सिन ही एरवीची उपयुक्त औषधे घात करू शकतात, कारण ती मोरी आवळतात आणि बीळ मोकळेच राहते. त्यामुळे शेजाऱ्याची वा यजमानांची हृदयाची गोळी घेऊ नये, आणि नव्या डॉक्टरांना ही दुसरी वाट आधी सांगावी.

सांभाळणाऱ्यांनी झटक्याच्या वेळी मनगटाची नाडी मोजावी. मोजता येईना, तर तिचा ठेका बोटाने पाटावर वाजवून लक्षात ठेवावा; नियमित होता की विस्कळीत, एवढे कळले तरी पुष्कळ. आपल्या डॉक्टरांनी शिकवले असेल तर एक युक्ती करता येते. रुग्णाला टेकून बसवावे, १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये १५ सेकंद जोराने फुंकायला सांगावे. लगेच आडवे करून दुसऱ्याने पाय १५ सेकंद उचलून धरावेत. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या रीतीने शंभरातील ४३ रुग्णांचा झटका थांबला, नुसते फुंकून १७ जणांचा. नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया किंवा हृदयविकाराचा झटका झालेल्यांनी हे करू नये. मान चोळणे घरी तर नकोच. छातीत दुखले, दम लागला, भोवळ आली किंवा ठोके बेताल वाटले, तर युक्ती बाजूला ठेवून १०८ ला फोन करावा. आमच्या घाटरस्त्यांवर वेळ लागतो, म्हणून लवकर करावा.

ही वाट कायमची बंद करता येते. १९६८ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. सीली यांनी एका कोळ्याचे हृदय उघडून तो धागा कापला. आज छाती उघडावी लागत नाही. जांघेच्या शिरेतून बारीक तारा सरकवून धागा उष्णतेने निकामी करतात. शंभरातील नव्वदहून अधिक जणांना गुण येतो. क्वचित रक्तस्राव होतो, किंवा मोरीलाच इजा होऊन पेसमेकर बसवावा लागतो. हेही आधी विचारून घ्यावे. सोय मुंबई-नाशिककडे आहे. शासकीय योजनेत खर्च बसतो का, ते रुग्णालयातील आरोग्यमित्र सांगतात.

आजींना मी जा असेच सांगितले आहे. त्या आवणी उरकल्यावर बघू म्हणतात. दोन्ही पट्ट्या नातवाने रेशनकार्डाच्या पिशवीत घातल्या आहेत, आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला आहे.