भयरसाचे सूत्रधार

मुलांना भुताखेतांचे चित्रपट दाखवावे कीं दाखवूं नयेत, हा प्रश्न हल्लीं घरोघर निघतो. आम्हांसही पुष्कळ पालक तो विचारतात, आणि बहुधा त्यांना 'होय' किंवा 'नाहीं' असें एका शब्दांत उत्तर हवें असतें. आमच्या मतें प्रश्नच थोडा निराळा मांडावयास हवा. चित्र कोणतें आहे यापेक्षां, तें सुरू होण्यापूर्वीं दारांत कोण उभें राहतें आणि तें संपल्यावर मुलाला परत कोण आणतें, याला अधिक महत्त्व आहे. दूरचित्रवाणीच्या सृष्टींत या कामाकरितां एक स्वतंत्र पात्रच निर्माण झालें आहे. भयपट सुरू होण्यापूर्वीं विचित्र सोंग घेऊन येणारा, मधून मधून डोकावणारा आणि शेवटीं निरोप देणारा असा हा निवेदक. त्याच्याविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

या व्यवसायाची जन्मभूमि अमेरिका. १९५४ सालीं लॉस एंजेलिस शहरांतील एका केंद्रावर मायला नुर्मी नांवाच्या अभिनेत्रीनें 'व्हॅम्पायरा' हें सोंग घेतलें. काळा पायघोळ वेष, मुठींत मावेल अशी कंबर, लांबलचक नखें. अशी ही बाई धुक्यांतून चालत येई, कॅमेऱ्यासमोर एक भयंकर किंकाळी फोडी, आणि लगेच अत्यंत समाधान पावल्याच्या मुद्रेनें आजचा चित्रपट कोणता तें सांगे. तिचा कार्यक्रम जेमतेम वर्षभर टिकला. परंतु पायंडा पडला. १९५७ सालीं युनिव्हर्सल कंपनीच्या ५२ जुन्या चित्रपटांचा एक गठ्ठा 'शॉक' या नांवाखालीं गांवोगांवच्या केंद्रांना मिळाला. चित्रें जुनीं, त्यांतलीं कांहीं अगदींच रद्दड. तेव्हां केंद्रांनीं आपल्याच पदरच्या माणसांना, मग तो बातम्या वाचणारा असो कीं हवामान सांगणारा असो, तोंडास रंग फासून पुढें उभें केलें. फिलाडेल्फिया येथील जॉन झाकर्ले हा त्यांतला मोठा रसिक. शवपेटींत आपली पत्नी आहे अशी बतावणी करून तो तिच्याशीं लाडानें बोले. आणि चित्रपट ऐन रंगांत आला असतां स्वतःच मध्यें डोकावून त्या प्रसंगाची फजिती करी. हा गृहस्थ २०१६ सालीं, वयाच्या ९८ व्या वर्षीं वारला. शिकागो शहरीं 'स्वेनगूली' नांवाचें सोंग १९७० सालीं एकानें सुरू केलें. पुढें १९७९ पासून रिच कोझ या दुसऱ्या विनोदी नटानें तें चालविलें. त्यानें नीरस कोटी केली कीं त्याच्या अंगावर रबराच्या कोंबड्या येऊन पडतात! १९८१ सालीं कॅसांड्रा पीटरसन या अभिनेत्रीनें 'एल्व्हायरा' हें रूप धारण करून व्हॅम्पायराची गादी पुनः चालविली. या सर्वांहून गंभीर चेहऱ्याचा निवेदक म्हणजे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक. १९५५ पासून तो आपल्या कथामालेच्या आरंभीं व शेवटीं स्वतः येई, आणि खुनाची गोष्ट सांगतां सांगतां आपल्याच जाहिरातदारांची थट्टा करी.

वाचक म्हणतील, हा सारा पोरखेळ झाला. वरवर पाहतां तो तसाच आहे. परंतु त्यांतील मर्म आपल्या शास्त्रकारांनीं फार पूर्वीं ओळखलें होतें. भरतमुनींनीं आठ रसांत भयानक रसाची गणना केली. काश्मीरच्या अभिनवगुप्ताचार्यांनीं त्यावर भाष्य करतांना शाकुंतलाच्या पहिल्या अंकांतील, दुष्यंताच्या रथापुढें धांवणाऱ्या हरिणाचा दृष्टांत घेतला आहे. तें भ्यालेलें हरिण पाहून प्रेक्षक आसनावरून उठून पळत नाहीं. तसाच 'हें कोणा परक्याचें हरिण, आपल्याला काय त्याचें' असेंही म्हणत नाहीं. त्याला भय वाटतें, पण तें भय निजी व्यवहारापासून सुटलेलें असतें. आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेतां येतो. हें साधावें कसें? नाटकाच्या आरंभींचा पूर्वरंग, सूत्रधार आणि नटी यांचें संभाषण, नटाचा वेष व मुकुट या सर्वांच्या योगें हें नाट्य आहे याची जाणीव प्रेक्षकास राहते, आणि रसास्वादांतील विघ्न दूर होतें. व्हॅम्पायरेनें अभिनवगुप्त वाचला असण्याचा संभव नाहीं. पण तिची किंकाळी ही एका अर्थीं नांदीच होती.

मग असा भयकथेचा निवेदक आपल्याकडे झाला नाहीं काय? झाला, आणि तो अमेरिकेच्या नऊशें वर्षें आधीं झाला. त्याचें नांव वेताळ. अकराव्या शतकांत सोमदेवानें काश्मीरच्या सूर्यवती राणीकरितां कथासरित्सागर रचला, त्यांत या पंचवीस कथा आहेत. पुढें जो विक्रम म्हणून घरोघर गाजला, त्या राजाचें सोमदेवानें दिलेलें नांव त्रिविक्रमसेन. आणि त्याची राजधानी गोदातीरींचें प्रतिष्ठान, म्हणजे आपलें पैठण. एक भिक्षु रोज राजाला फळ आणून देतो, त्या फळांत रत्न निघतें. त्या उपकाराची फेड म्हणून राजा स्मशानांतील शिंशपा वृक्षावरचें प्रेत आणावयास जातो. प्रेतांत वेताळ बसलेला. तो राजाच्या खांद्यावरून गोष्ट सांगूं लागतो, आणि कारण कोणतें देतो? तर वाट सुखाची व्हावी म्हणून! गोष्ट संपली कीं एक कूट घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प बसला तर मस्तक फुटणार; बोलला तर मौन मोडून वेताळ पुनः झाडावर. एवढ्या भयानक जागीं, मध्यरात्रीं, चितांच्या उजेडांत, हा निवेदक श्रोत्याला नुसता घाबरवीत नाहीं. त्याला विचार करावयास लावतो. शेवटच्या कूटापुढें राजा निरुत्तर होतो, तेव्हां वेताळ प्रसन्न होऊन भिक्षूचें कपट त्याला सांगतो. भय दाखविणारा वेताळ तारक ठरला, आणि गोड फळें आणून देणारा साधु मारेकरी निघाला. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. तिची गरज पुढें लागणार आहे.

मराठींत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं १८३० सालींच वेताळपंचविशी आणली. दूरदर्शनवर तिला रामानंद सागर यांनीं १९८५ सालीं आणलें. अरुण गोविल हे विक्रम आणि सज्जन हे ज्येष्ठ नट वेताळ झाले होते. पांढऱ्या केसांचा, खदखदां हंसणारा तो वेताळ हाच आमच्या आवडीचा निवेदक. त्याच्यापुढें परदेशचे सर्व आम्हांस फिके वाटतात. आम्ही त्या वेळीं जळगांवांत नुकतेच शिक्षक झालों होतों. जुन्या जळगांवांत आम्ही राहत होतों त्या वाड्यांत एकच संच. त्यापुढें तीस-चाळीस मंडळी दाटीनें बसत. वेताळ हंसला कीं लहान मुलें आईच्या पदराआड जात, आणि कूट घालूं लागला कीं तींच मुलें पदर सोडून पुढें सरकत. सोमवारीं संस्कृतच्या तासाला आम्ही तेंच कूट फळ्यावर मांडीत असूं. मंदारवतीची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल. मृत कन्येच्या तीन वरांपैकीं एकानें तिच्या अस्थि गंगेस नेल्या, एक तिच्या रक्षेवर निजून राहिला, एकानें मंत्रानें तिला उठविलें. तर पति कोण? राजाचें उत्तर असें कीं अस्थि नेणारा पुत्रासमान, प्राण देणारा पित्यासमान, आणि रक्षेवर निजणारा तोच पति. यावर एक विद्यार्थिनी उभी राहून म्हणाली, "गुरुजी, ती उठल्यावर तिला कोणीं विचारलें कां?" आम्हांस तो तास अद्याप आठवतो. स्मशानाच्या गोष्टींतून न्यायाचा असा प्रश्न निघावा, हीच त्या निवेदकाची करामत.

पुढें खाजगी वाहिन्या आल्या. १९९३ सालीं रामसे बंधूंचा झी हॉरर शो, १९९५ सालीं आहट, आणि मराठींत २०१६ सालीं रात्रीस खेळ चाले. या सर्वांनीं प्रेक्षकांना यथेच्छ घाबरविलें. त्यांत हात धरणारा सूत्रधार नव्हता. पण ही कथा आहे एवढें तरी उघड होतें. याहून निराळा प्रकारही बोकाळला. २०१२ सालीं आलेल्या फिअर फाइल्स या मालिकेनें आपल्या नांवाखालींच भयाचीं खरीं चित्रें असल्याचें मिरविलें. आज तर मोबाइलवर 'सत्य घटनेवर आधारित' म्हणून भयकथा सांगणारे आवाज शेंकड्यांनीं ऐकूं येतात. त्यांतला सांगणारा बहुधा दिसत नाहीं, हंसत नाहीं, कूट घालीत नाहीं. तो सूत्रधार राहिला नाहीं, साक्षीदार झाला. रंग फासलेली व्हॅम्पायरा 'हें सोंग आहे' असें सांगते. हा साध्या, विश्वासू आवाजांत 'हें घडलें आहे' असें सांगतो. वेताळाच्या आणि भिक्षूच्या गोष्टीची आठवण आम्हीं वर दिली ती यासाठीं.

कोणी म्हणेल, करमणुकीचा एवढा बाऊ कशाला? खानदेशांत राहणाऱ्यानें तरी हें म्हणूं नये. धुळें जिल्ह्याच्या उत्तरेस, आणि १९९८ सालीं त्यांतून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यांत, सातपुड्याच्या पाड्यांवर बायांना 'डाकीण' ठरवून मारहाण झाल्याच्या, गांवाबाहेर घालविल्याच्या घटना वारंवार उघडकीस आल्या आहेत. कोणाचें मूल आजारी पडलें, कोणाची म्हैस मेली, कीं एखाद्या एकट्या बाईचें नांव पुढें येतें. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत हत्या झाली आणि त्याच वर्षीं महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ति करणी करते असा संशय पसरविणें हा त्याअन्वयें गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आहे. जेथें भुताच्या 'खऱ्या' गोष्टीचें मोल अशा बायांना आपल्या पाठीवर चुकवावें लागतें, तेथें खरें आणि सोंग यांमधील रेघ पुसणें हा निरुपद्रवी खेळ नव्हे. आणि सुशिक्षित घरें यापासून दूर आहेत असेंही कोणीं समजूं नये.

धुळ्यास आमची कन्या असते. तिचा मुलगा दहा वर्षांचा. मागें आम्ही तेथें गेलों असतां असें दिसलें कीं हा शेजारच्या आजींच्या दारावरून जातांना धूम ठोकतो. आजी एकट्या राहतात, वयोमानानें वाकलेल्या आहेत, संध्याकाळीं ओट्यावर बसून कांहींतरी पुटपुटतात. ती बहुधा रामरक्षा असते. चौकशीअंतीं कळलें कीं चिरंजीव रात्रीं पांघरुणांत, कानांत यंत्र घालून, 'सत्य घटना' ऐकतात. आणि तींत अशीच एक वाकलेली म्हातारी होती. आम्हीं मोबाइल काढून घेतला नाहीं. म्हटलें, "अरे, आम्हांसही ऐकव." दोघे मिळून ऐकूं लागलों आणि मध्येंच थांबवून आम्हीं वेताळाप्रमाणें विचारलें, "गांवाचें नांव काय सांगितलें? ज्यानें पाहिलें तो कोण? त्या म्हातारीला कोणीं कांहीं विचारलें काय?" नातू विचारांत पडला. मग म्हणाला, "आजोबा, नांव कोणाचेंच नाहीं सांगितलें." दुसऱ्या दिवशीं कन्येनें केलेले लाडू घेऊन तो आजींकडे गेला. काळोख पडल्यावर तो अजून त्या दारावरून जरा झपझपच जातो. पण आतां आजींना हांक मारून जातो.

तेव्हां पालकांस आमचें सांगणें इतकेंच. भयानक हाही एक रस आहे. मुलांना त्यापासून अजिबात तोडूं नका, आणि त्यांच्या पायरीबाहेरचें कांहीं दाखवूंही नका. पण त्यांस एकटें पाहूं देऊं नका. आरंभीं आपण सांगावें कीं हें सोंग आहे. रक्त म्हणजे रंग, धूर म्हणजे यंत्राचें काम. मध्यें झाकर्लेप्रमाणें एखादी थट्टा करावी. रसभंग झाला तरी चालेल, मुलाची झोप त्याहून मोलाची. शेवटीं एक प्रश्न अवश्य विचारावा: यांत चुकलें कोणाचें, सोसलें कोणीं, आणि आपण असतों तर काय केलें असतें? पूर्वीं हें काम घरांतील वडीलधारीं माणसें न शिकवितां करीत. भुताची गोष्ट संपली कीं आजी पाणी प्यावयास देई, भीमरूपी म्हणवून घेई, आणि मुलें निजेपर्यंत शेजारीं बसे.

कोंकणांत आणि गोव्यांत वेताळ हा ग्रामरक्षक मानतात. गोष्टींतल्या वेताळाकडूनही घरांतल्या मुलांचें असें रक्षण होईल; मात्र गोष्ट सांगणारें कोणी घरांत पाहिजे. येत्या सुटींत एखाद्या रात्रीं दिवे मालवून पंचविशींतली एक गोष्ट अवश्य सांगा. कूट घाला, मुलांना भांडूं द्या, आणि उत्तर मिळालें कीं उठून आपल्या हातानें दिवा लावा.